डबी उपसल्यावर मागचं आवरणं

लेकीचा फोन आला तेव्हा मी टेबलाखाली होते. वयाच्या मानानं मी लई वेळ टेबलाखालीच असते, कारण तारा सगळ्या तिथंच असतात. धाकट्या जावेनं वाकून फोन माझ्या कानाला लावला. लेक लातूरहून बोलत होती. डॉक्टरनं तिला प्रवास बंद सांगितला होता. आता बाळ होईपर्यंत बिछान्यावरच पडून राहायचं, उठायचं ते फक्त न्हाणीपुरतं.

तिचं पहिलं बाळंतपण माझ्याकडं नांदेडला व्हायचं ठरलं होतं. मी मागची खोली धुऊन काढली होती, डिंक-खारका आणून ठेवल्या होत्या. आता तीच येऊ शकत नाही म्हटल्यावर जायचं मलाच होतं. जावई नोकरीला बाहेरगावी, त्यांना दर आठवड्याला यायला मिळत नाही. तिच्या सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या. शेजारची एक बाई डबा देत होती, पण शेजारीण म्हणजे काही आई नव्हे.

"येते मी," मी म्हणाले.

"कधी?" लेकीनं विचारलं.

मी टेबलाखालच्या तारा उगाच सारख्या करायला लागले. कारण कधी ते मला सांगता येईना.

धाकट्या जावेला मी नुसतं धाकटी म्हणते. ती उदगीरकडची, म्हणून मला ताई न म्हणता अक्का म्हणते. दुकान माझ्या मालकांचं, म्हणजे लेकीच्या वडलांचं. आधी तिथं रेडिओ दुरुस्त व्हायचे, मग टीव्ही, मग संगणक. ते गेले तेव्हा गल्ली धरूनच चालली होती की आता शटर पडणार. पण तारांना कथलाचा डाग देणं मला त्यांच्या हयातीतच येत होतं, आणि संगणकाचं मी बसून बसून शिकले. लेकीच्या कॉलेजचं सी भाषेचं पुस्तक मी भाकरी थापता थापता वाचलेलं आहे. त्याच्या पानांना अजून पिठाचा वास येतो. इंग्रजी मला बोलता येत नाही, वाचता मात्र येतं. त्यातही ज्यात कंस आणि अर्धविराम जास्त असतात तसलं बरं येतं. धाकटी माझ्या शेजारी बसून शिकली आणि काही बाबतीत माझ्या पुढं गेली. हे मी तिला तोंडावर सांगत नाही. वाचून कळलं तर कळू दे.

माझे दीर, म्हणजे तिचे मालक, लोह्याजवळच्या गावी शेतावर राहतात. त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून ते तिला बोलावून राहिले आहेत की तू इकडं ये, मला एकट्याला होत नाही. ती म्हणते, अक्काला एकटीला दुकानात टाकून कशी येऊ? आणि मी लेकीला म्हणत होते, धाकटीला एकटीला टाकून कशी येऊ? ती माझ्यामुळं अडकलेली, मी तिच्यामुळं, आणि दोघींनाही त्यात आपण काहीतरी चांगलं करून राहिलो असं वाटायचं.

दुकानाचं शटरसुद्धा तसलंच. ते अर्ध्यावर अडकायचं. वर रेटलं तर खाली येत नव्हतं, खाली ओढलं तर वर जात नव्हतं. म्हणून आम्ही ते अर्ध्यावरच ठेवायचो आणि सगळी दुनिया आमच्याकडं वाकून यायची.

आता डबीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संगणकाला नेटची तार लावायची जी जागा असते ती बिघडली, की यूएसबीत खोचायची अंगठ्याएवढी एक डबी मिळते. तार डबीत, डबी संगणकात, झालं काम. आम्ही अशा डब्या स्वस्तात मिळाल्या म्हणून पोतंभर घेतल्या होत्या आणि अर्ध्या नांदेडला विकल्या होत्या. मोंढ्यातली आडत दुकानं, झेरॉक्सवाले, शिकवण्या, सगळ्यांकडं आमच्याच डब्या. मग डबी बनवणारी कंपनी कुठं गेली कोण जाणे, आणि ऑपरेटिंग सिस्टिम नवी आली ती डबीला ओळख देईना. डबी आणि संगणक यांचं बोलणं करून देणारा जो कोड असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो जुना झाला होता. लोक डब्या परत घेऊन यायला लागले. परत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून ड्रायव्हर आम्हीच नवा लिहिला. अर्धा मी, अर्धा तिनं. आमच्याकडची ऑपरेटिंग सिस्टिम कुणालाही उघडून बघता येते अशातली आहे, त्यामुळं लिहायला मुभा होती. चुकायलाही होती.

वाटणी अशी होती. डबी खोचल्यावर सगळं मांडायचं आणि डबी उपसल्यावर सगळं आवरायचं, हे माझं. मधल्या वेळात तार जाग्यावर आहे का, निसटली का, हे थोड्या थोड्या वेळानं येऊन बघायचं, हे तिचं. तिच्या त्या भागाला आम्ही राखणदार म्हणायचो. मेमरीतली एक जागा आम्हा दोघींच्या कोडमध्ये सामाईक होती. डबीची सगळी खबर तिथंच. दोघींनी एकदम त्यात हात घालू नये म्हणून त्या जागेला एक कुलूप. ज्याच्याकडं किल्ली त्यानंच आत जायचं, दुसऱ्यानं दाराशी थांबायचं.

वर्षभर छान चाललं. मग परीक्षा केंद्रवाले सर आले.

त्यांचं केंद्र आमच्याच गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. पोरं-पोरी तिथं संगणकावर परीक्षा देतात. एक तुकडी उठली, की नेट बंद ठेवायचं म्हणून त्यांचा माणूस प्रत्येक संगणकाची डबी उपसायचा आणि सगळ्या डब्या परातीत गोळा करून कपाटात ठेवायचा. आम्ही ड्रायव्हर लिहिताना हे मनातच आणलं नव्हतं. आमच्या हिशेबानं डबी एकदा खोचली की ती आयुष्यभर तिथंच राहणार, लग्न होऊन आल्यासारखी. आता डब्या रोज उपसल्या जाऊ लागल्या, आणि उपसताना एखाद-दुसरा संगणक जागीच गोठायचा. बाण हलायचा नाही, पडदा तसाच. बटण दाबून मारल्याशिवाय उठायचा नाही. एका पोरीनं लिहिलेली सगळी उत्तरं त्यात गेली. सराव परीक्षा होती म्हणून निभावलं. खरी परीक्षा पुढं होती.

सर चांगले माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "काकू, हे झाल्याशिवाय तुम्ही गाव सोडू नका."

आणि मी म्हणाले, "हाव."

लेकीचा फोन आला तो त्यानंतर.

सरांनी ऑटोतून काही संगणक पाठवून दिले. दुकान मुळात केवढं, त्यात ते संगणक. धाकटीला मागं जायचं असलं तर मला आधी बाहेर गल्लीत यावं लागायचं. उन्हाळा नांदेडचा. कूलरमध्ये पाणी टिकेना, तो नुसती गरम हवा इकडून तिकडं करायचा. अर्ध्या शटरखालून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि सरकत सरकत माझ्या पायावर येऊन बसायची. आम्ही डब्या खोचायचो, उपसायचो, खोचायचो, उपसायचो. एकही संगणक गोठेना. बिघाड बघायला बसलं की बिघाड शहाण्या पोरासारखा वागतो. सरांकडं फोन करावा तर ते म्हणायचे, इथं आत्ताच एक अडकला बघा.

लेक रोज फोन करायची. कधी येतेस हे तिनं नंतर विचारणं सोडून दिलं. त्यानं मला जास्त लागलं. ती खिडकीतून काय दिसतं ते सांगायची. समोर अभ्यासिका आहे, पोरं खाली उभी राहून पाठ करतात, आई. आज एक पोरगी रडत होती. मी ऐकायचे आणि एका हातानं डबी उपसायचे.

जेवणाचा एक तिढा आमच्यात जुनाच होता. थोरल्या जावेच्या आधी धाकटीनं जेवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय थोरलीनं जेवायचं नाही, हीपण आमच्याच घरची रीत. घर भरलेलं होतं तोवर या दोन रीतींची कधी गाठ पडली नाही. सासू-सासरे, दीर-नणंदा, पोरं, कुणाचं तरी ताट मधे असायचंच. आता घरात आम्ही दोघीच. दुकानात डबा उघडला की ती म्हणायची, अक्का, घ्या. मी म्हणायचे, तू घे. ती हात धुऊन बसून राहायची, मी पदरानं वारा घेत बसायचे. भाकरी पापडासारखी व्हायची. शेवटी आम्ही तोडगा काढला होता, की दोघींनी एकदम घास उचलायचा. पण त्यातही ती माझ्या हाताकडं बघायची आणि मी तिच्या.

त्या दिवशी असंच बसलो होतो तेव्हा मी विषय काढला. म्हणाले, तू आधी लोह्याला जा. दीरांचे गुडघे बघ. तू गेलीस की मी मोकळी होते, मग मी लातूरला निघते.

"तुम्ही निघा आधी," ती म्हणाली. "तुमची लेक बिछान्यावर हाय. तुम्ही गेल्यावर मी जाते."

"तुला एकटीला या पसाऱ्यात सोडून?"

"मग तुम्हाला कशी सोडू मी?"

शेजारी भाभीचं शिवणाचं दुकान आहे. तीन पिढ्यांपासून ते लोक या गल्लीत. मधली भिंत पातळ, आमचं सगळं तिकडं ऐकू जातं. भिंतीपलीकडून मशीन थांबली आणि भाभीचा आवाज आला, "आपा, दोनों बैठके रहो. बच्चा खुदच चलके आएगा तुम्हारे कने."

धाकटी हसली. मलाही हसू आलं आणि मी डबा झाकला.

बिघाड सापडला तो धाकटीच्या एका वाक्यावरून, आणि तेही तिनं स्वतःच्या थट्टेत म्हटलेलं. ती म्हणाली, "माझा राखणदार लई चपळ हाय अक्का, आला न् गेला. म्हणून तो तुम्हाला सापडेना. त्याला माझ्यासारखा सावकाश करा की जरा." ती कामाला सावकाश आहे असं मी तिला कितीतरी वेळा बोलून दाखवलेलं आहे, त्याचा हा वचपा होता. पण बोलली ते खरं होतं. मी तिच्या राखणदाराला किल्ली मागण्याच्या आधी मुद्दाम थोडी झोप घ्यायला लावली. डबी खोचली. तो झोपायला गेला तशी उपसली. संगणक गोठला. दुसरा घेतला, गोठला. तिसरा, गोठला. आम्ही दोघी इतक्या खुश झालो की कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, या बायांना वेड लागलं.

गोठलेला संगणक पुरता मेलेला नसतो. बराच वेळ तसाच ठेवला, की कोणतं काम कुठं अडकून उभं आहे त्याची नोंद तो स्वतःच काढतो, आणि तारेनं ती शेजारच्या संगणकावर बघता येते. आम्ही बघितली. माझं आवरायचं काम एका ओळीवर उभं होतं. तिचा राखणदार दुसऱ्या ओळीवर.

मी त्या दोन्ही ओळी वाचल्या आणि खुर्चीत मागं टेकले.

झालं होतं असं. डबी उपसली की माझं आवरणं सुरू व्हायचं. मी पहिल्यांदा सामाईक जागेची किल्ली हातात घ्यायचे, का, तर आवरताना धाकटीच्या राखणदाराला धक्का लागू नये. मग किल्ली कमरेला लावूनच मी त्याची वाट बघायचे, की बाबा, तुझं काम चाललेलं असेल तर होऊ दे, तुझं झाल्यावरच मी मेमरीतली जागा संगणकाला परत देते. आणि तिनं राखणदाराला काय शिकवलं होतं? की आत पाऊल टाकायच्या आधी किल्ली मागायची. किल्ली अक्काकडं असली तर दाराशी गप उभं राहायचं, अक्काचं होईपर्यंत. म्हणजे मी किल्ली घेऊन त्याच्यासाठी थांबलेली, आणि तो किल्लीसाठी माझ्यासाठी थांबलेला. कुणीच कुणाच्या अंगावर गेलं नव्हतं. दोघं जागच्या जागी उभे, आणि त्यांच्या मागं अख्खा संगणक.

राखणदार नेमका त्या क्षणाला दाराशी आला तरच हे व्हायचं, म्हणून आमच्याकडं दिसत नव्हतं. सरांकडं एवढ्या डब्या ओळीनं उपसल्या जायच्या की एखाद्याची गाठ पडायचीच.

धाकटीनं माझ्या खांद्यावरून वाचलं. एक एक ओळ बोटानं दाखवत पुन्हा वाचली. मग म्हणाली, "अक्का, हे आपलं जेवण हाय."

मी दुरुस्ती लगेच केली. वाट बघायची तर किल्ली सोडून बघायची. एवढंच. आवरणाऱ्यानं आधी कुलूप सोडावं, मग राखणदाराची वाट बघावी, तो गेला की मेमरी परत द्यावी. संगणक गोठायचे थांबले. मी लेकीला फोन लावून सांगितलं की उद्या निघते.

आणि दुपारी, डबी उपसल्यावर, एक संगणक गोठला नाही, सरळ कोसळला. पडद्यावर कचरा, आणि आपोआप पुन्हा सुरू. हे आधीच्यापेक्षा वाईट होतं. गोठलेला निदान जागेवर तरी असतो.

लेकीला पुन्हा फोन करायचं माझ्या अंगात बळ नव्हतं. धाकटीनं केला. ती काय बोलली मी ऐकलं नाही, मी टेबलाखाली जाऊन बसले होते. काही काम नव्हतं तिथं. पण दुकानात एकटं बसायला तेवढी एकच जागा होती.

दोन दिवस आम्ही त्यामागं होतो, आणि त्या दोन दिवसांत गल्लीतली माणसं वाकून आत येतच होती. मावशी, हा प्रिंटर जरा बघा. काकू, एवढं एक बघून द्या, परगावी जायच्या आधी. मी घेत होते. नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही, दारात आलेल्याला परत लावायचं आमच्यात शिकवलेलंच नाही. एक संगणक बाजूला काढला की दोन आत यायचे. भाभी एकदा शटरखालून डोकावली आणि आतली गर्दी बघून गेली.

तिसऱ्या दिवशी मी एका झेरॉक्सवाल्याच्या हातातून यंत्र घेत होते, तेव्हा मागून धाकटी म्हणाली, "अक्का, तुम्ही दार उघडं ठेवून झाडून राहिलात."

ती यंत्राबद्दल बोलत होती. पण माझे हात तिथंच थांबले. मी झेरॉक्सवाल्याला यंत्र परत दिलं आणि पहिल्यांदा सरळ त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाले, आता न्हाई घेत भाऊ. तो चकित झाला, पण गेला. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही.

मग मी जाऊन कोड उघडला आणि राखणदाराला कोण कोण बोलावतं ते शोधलं. मला वाटत होतं, तो आपण होऊन येतो आणि आपण होऊन जातो. मी त्याला पाठवून दिला की झालं. पण आणखी एक जागा होती. तार हलली की तिथूनही त्याला बोलावणं जायचं. आणि डबी उपसताना तार हलतेच. म्हणजे मी इकडं राखणदाराची वाट बघून, तो गेला असं समजून मेमरी परत द्यायचे, आणि तेवढ्यात दुसऱ्या दारानं त्याला पुन्हा हाक जायची. तो बिचारा यायचा, नेहमीच्या जागेत हात घालायचा, आणि ती जागा आता कुणा दुसऱ्याची झालेली. दुसऱ्याच्या ताटात हात. कोसळणार नाही तर काय होईल?

तेव्हा क्रम असा लावला. किल्ली घेऊन आधी पाटी लावायची, की आता बंद. बोलावणारे जितके आहेत त्या सगळ्यांनी हाक मारायच्या आधी किल्ली घेऊन पाटी बघायची. बंद असेल तर मागं फिरायचं. पाटी लावली की किल्ली सोडायची. मग आत जे आधीच आलेले आहेत त्यांचं होईपर्यंत थांबायचं, त्यांना उठवायचं नाही. आणि सगळे गेल्यावरच जागा परत द्यायची. पंगतीत आपण हेच करतो. आधी वाढणं थांबतं, मग लोक सावकाश उठतात, मग पत्रावळी उचलतात. उलटं केलं तर कुणाच्या तरी हातातला घास जातो. एवढी साधी गोष्ट, पण नवीन माणसाला नको म्हणणं हे आवरण्याचं पहिलं काम आहे, हे माझ्या डोक्यात येत नव्हतं. मला वाटायचं ते शेवटचं काम.

धाकटीनं सगळे संगणक ओळीनं मांडले आणि राखणदाराला झोपवून, जागवून, पळवून सगळ्या तऱ्हेनं डब्या उपसल्या. संध्याकाळपर्यंत. एकही गोठला नाही, एकही पडला नाही. दुसऱ्या दिवशी सरांच्या केंद्रावर जाऊन त्यांच्या माणसाकडून उपसून घेतल्या. तो परात घेऊन ओळीनं चालत गेला आणि मी त्याच्या मागं, मिरवणुकीत चालावं तशी. परात भरली. पडदे सगळे जिवंत. सर म्हणाले, काकू, आता जा.

पण किल्ली अजून आमच्याच हातात होती ना. घरी आल्यावर धाकटीनं पुन्हा सुरू केलं, की तुम्ही उद्या निघा, मी दुकान बघते, मग सवडीनं मी जाईन. आणि माझ्या तोंडात आलंच होतं, की तू आधी जा. ते मी गिळलं.

"पाटी लाव," मी म्हणाले.

तिला समजलं. तिनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, नवीन काम घेणे बंद, आणि शटरला बांधलं. ज्यांची यंत्रं आत होती त्यांना एकेकाला बोलावून परत दिली. जी झाली होती ती झालेली, जी राहिली होती ती तशीच, हात जोडून. कुणी रागावलं, कुणी नाही. दुकान रिकामं झालं तेव्हा ते केवढं मोठं दिसलं! धाकटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसतीच चालून आली. मग आम्ही दोघी शटरला लटकलो, भाभीही लटकली, आणि ते करकरत एकदाचं खाली आलं. किल्ली भाभीकडं दिली.

"मेरे कने रहने दो," ती म्हणाली. "तुम निकलो तो सही पहले."

नांदेडहून लातूरला जाणारी एसटी लोह्यावरून जाते. हे आम्हाला काय आज कळलं? जन्मभर त्याच गाडीनं जातो-येतो. पण तू आधी की मी आधी यात इतके दिवस गेले आणि दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही की एकाच गाडीत बसता येतं. आम्ही शेजारी शेजारी बसलो. धाकटीच्या मांडीवर डबा, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दोघींचा मिळून एक. खिडकीतून झळा येत होत्या. तिनं दोनदा डबा उघडून माझ्यापुढं धरला, मी दोनदा तिच्याकडं सारला. तेवढ्यात लोहा आलं.

ती उठली. डबा माझ्या मांडीवर ठेवला. बाहेर स्टँडवर माझे दीर काठी टेकून उभे होते, उन्हात, कपाळावर हात धरून गाडीकडं बघत. ती उतरून त्यांच्याकडं गेली आणि मग परत खिडकीखाली आली. गाडी हलली तेव्हा तिचा हात खिडकीच्या गजावर होता. गाडीनं वेग घेईपर्यंत तो तिनं सोडला नाही आणि मग सोडला.

पुढं अहमदपूर, चाकूर. डबा मी उघडला नाही. शेजारची सीट रिकामी होती आणि मला सारखं वाटत होतं की आपण काहीतरी मागं विसरलो.

लातूरला लेकीच्या घरी पोचले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. ती कुशीवर झोपली होती, पोट केवढं आलेलं. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आलीस?" बाळ अजून यायचं होतं. मी तिच्या पायाशी बसले आणि तिच्या पावलांवर हात ठेवला. पावलं सुजलेली, गरम. खाली अभ्यासिकेतली पोरं पाठ करत होती, त्यांचा एकसारखा आवाज वर येत होता, तिनं फोनवर सांगितला होता तसाच.

तिनं डबा ओळखला. धाकट्या काकूच्या हातची चटणी तिला लहानपणापासून आवडते. मी तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मोडला.

"तू जेवली न्हाईस ना वाटेत," ती म्हणाली. "तू जेव आधी. तू जेवल्याशिवाय मी न्हाई खाणार."

तू आधी, हे माझ्या ओठांवर आलेलंच होतं. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. लोह्याहून धाकटी. पोचलात का, लेक कशी आहे, सगळं विचारून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, जेवलात का अक्का? मी विचारलं, तू? मला माहीत होतं ती काय करून राहिली असेल. शेतावरच्या त्या घरात भाकरी वाढून घेऊन, हात धुऊन, फोन कानाला लावून बसली असेल.

लेक माझ्याकडं बघत होती. फोनवर धाकटी थांबली होती.

मी तुकडा चटणीला लावला आणि तोंडात घातला. भाकरी कडक झाली होती, चावायला वेळ लागला. फोन मी तोंडाजवळच धरला, तिला ऐकू जावं म्हणून.